स्वमग्न मुलांना चारचौघांत वावरायला शिकवणं : काय, किती आणि कोणासाठी?

खामला_कट्टा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

चिरंजीव सात वर्षांचे, दुसरीत. ऑटिझमचं निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं. बोलतो, पूर्ण वाक्यांत बोलतो, पण बहुतेक एकाच विषयावर : कूलर. नागपुरात या विषयाला तोटा नाही. कोणाकडे गेलो की चप्पल काढायच्या आधी हा खिडकीपाशी. पंप कोणता, टाकीत पाणी किती, वुडवूल लावलंय की हनीकोम्ब, मोटर घरघरते का. घरातल्या माणसांकडे बघणं वगैरे नंतर, बहुधा नाहीच.

आमच्या फ्लॅट स्कीममधली मुलं खाली हिंदीत खेळतात, घरी आम्ही मराठी, शाळेत इंग्रजी. त्याला तिन्ही कळतात, पण चालू खेळात शिरायचं कसं, ते एकाही भाषेत जमत नाही. कडेला उभा राहतो. बॉल जवळ आला की उचलून चालायला लागतो. पोरं ओरडतात, हा कान झाकतो, मी जिन्यावरून धावत खाली.

थेरपी सेंटरने या तिमाहीचं उद्दिष्टपत्रक दिलंय. त्यात 'सोशल स्किल्स'खाली आहे : पाच सेकंद नजरेला नजर, समवयस्कांना गुड मॉर्निंग, आणि नाव-शाळा-आवडता रंग या प्रश्नांची उत्तरं. टेबलासमोर बसून तो हे सगळं करतो, दर उत्तराला चिप्सचा एक तुकडा. पण खाली मैदानात यातलं काही लागतच नाही. सात वर्षांचं कुठलं पोर दुसऱ्याला आवडता रंग विचारतं? 'आता क्या?' म्हणतं आणि पळत सुटतं.

त्यातून तान्हा पोळा तोंडावर आलाय. पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी सांगते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे लहान मुलांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं तोरणाखाली रांगेत उभी राहतात, झडत्या (पोळ्याला म्हणायच्या यमकी ओळी) म्हणतात, बक्षिसं वाटतात, मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. एका संध्याकाळीत रांग, गर्दी, ढोल, अनोळखी दारं, मागणं, थँक्यू, सगळंच आलं. त्याला जायचंय, बैल काढून पुसून ठेवलाय. माझ्या पोटात गोळा.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. आधी काय शिकवायचं? आणि हे आपण त्याच्यासाठी शिकवतोय की बघणाऱ्यांसाठी? हा दुसरा प्रश्न मला जास्त छळतो.

ओटी_रेशीमबाग

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, बरीच वर्षं याच मुलांबरोबर काम करते. ऑनलाइन मूल न बघता सांगायला मर्यादा आहेत, तरी काही गोष्टी बिनधास्त सांगते.

नजरेला नजर हे उद्दिष्ट कागदावरून काढायला सांगा. अनेक स्वमग्न मुलांना एकाच वेळी डोळ्यांत बघणं आणि ऐकणं जमत नाही. एकीकडे लक्ष दिलं की दुसरं सुटतं. पाच सेकंद मोजत बघणारं मूल तुमचं वाक्य ऐकतच नसतं. आपल्याला हवं असतं ते 'याचं माझ्याकडे लक्ष आहे' हे कळणं. त्यासाठी तोंड त्या दिशेला, किंवा नुसतं 'हं' पुरतं.

सामाजिक कौशल्याच्या आधी शरीर. आवाज, गर्दी, स्पर्श यांचा कमीजास्त त्रास हा निदानाचाच भाग आहे, २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेपासून तो निकषांत स्पष्ट लिहिलाय. ढोल वाजत असताना ज्याचा जीव कानात गोळा झालाय, त्याला 'काकूंना थँक्यू म्हण' सांगून काय होणार? म्हणून हेडफोन आधी, थँक्यू मग. थोडं लांब कुठे उभं राहता येईल ती जागा आदल्या दिवशीच दाखवून ठेवा.

आणि गोष्ट लिहा. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९० च्या सुमारास 'सोशल स्टोरी'ची पद्धत आणली. तिचा गाभा असा की गोष्टीत हुकूम कमी आणि माहिती जास्त असावी : काय होतं, कोण काय करतं, का करतं. आपल्याकडे सोशल स्टोरी म्हणून जे कागद फिरतात त्यात 'मी शहाण्यासारखा वागेन, मी ओरडणार नाही' एवढंच असतं. ती गोष्ट नाही, ती प्रतिज्ञा झाली. तुमच्यासाठी एक नमुना :

'तान्हा पोळ्याला मुलं आपले लाकडी बैल घेऊन मैदानात येतात. बैल रांगेत उभे करतात. कधी कधी ढोल वाजतो. ढोल काही मुलांना आवडतो, काहींना त्याचा त्रास होतो. मला त्रास झाला तर मी हेडफोन लावू शकतो किंवा आईला लाल कार्ड दाखवू शकतो, म्हणजे मला बाहेर जायचंय. मग मुलं घरोघरी जातात. बेल एकदा वाजवून थांबतात. दार उघडायला वेळ लागू शकतो. घरातले लोक खाऊ किंवा पैसे देतात. मी थँक्यू म्हणू शकतो किंवा नमस्कार करू शकतो. बोजारा दारातच मिळतो, म्हणून मुलं आत जात नाहीत. कोणी आत बोलावलं तर मी आईला विचारतो.'

दर ओळीला एक फोटो, शक्यतो तुमच्याच लेआउटचा, म्हणजे वसाहतीचा. रोज एकदा वाचा, शांत वेळी. चूक झाल्यावर शिक्षा म्हणून मुळीच नाही. आणि शेजारच्या दोन-तीन घरी सांगून रंगीत तालीम करून घ्या, बैलासकट.

तर्रीपोहा

काहून घाबरून राहिल्या ताई? तुमचा कूलर, आमचा मेट्रो. पोरगा नऊ वर्षांचा. ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, ॲक्वा लाइन लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत, सगळी स्टेशनं क्रमानं पाठ, उलट्या क्रमानं पण. पाहुणे आले की हा सुरू. पाहुणे सीताबर्डीपर्यंत टिकतात, मग चहा अर्धा टाकून निघतात.

आधी आम्ही 'मेट्रो बंद' असा नियम केला होता. त्यानं काय झालं, बोलणंच बंद झालं. त्याच्याजवळ बोलायला दुसरं होतंच काय बाप्पा! मग त्याच्या शाळेतल्या एका ताईंनी सुचवलं की मेट्रो राहू द्या, फक्त तिकीट दोघांचं काढा. म्हणजे एक स्टेशन तू बोलायचं, मग दार उघडलं, आता समोरच्याची पाळी. समोरचा काही पण बोलो, भेंडीची भाजी बोलो, ते ऐकायचं. मग दार बंद, पुन्हा तू. त्याला हे एका आठवड्यात जमलं, कारण नियम त्याच्या दुनियेतला होता. 'बेटा, दुसऱ्याचंही ऐकावं' हे मी दोन वर्षं बोंबलत होतो.

वर अजून एक. रविवारी मेट्रोत फिरायला नेतो आम्ही. तिथं त्याला त्याच्यासारखाच एक पोट्टा भेटला, तो डब्यांचे नंबर लिहून घेतो. दोघं एकमेकांकडे न बघता अर्धा तास बोलून राहिले होते. मी आणि त्या पोट्ट्याचे बाबा बाजूला उभे, दोघांना काय बोलावं सुचेना. सोशल स्किल कोणाची कमी होती सांगा.

शुद्ध_देशी

आमच्या वेळी हे ऑटिझम बिटिझम काही नव्हतं. मुलं उशिरा बोलायची, आपोआप सुधारायची. मोबाइल-टीव्ही पूर्ण बंद करा, गव्हाऐवजी ज्वारी, रोज सकाळी गाईचं तूप नाकात दोन थेंब. माझ्या साडूचा मुलगा सहा महिन्यांत पोपटासारखा बोलायला लागला. त्यांनी नंतर स्टेम सेलही केलं, म्हणजे मूळ पेशी टोचून घेतल्या, फरक आहे म्हणतात.

ओटी_रेशीमबाग

@शुद्ध_देशी : तुमच्या वेळीही होतं. गावात 'तो जरा वेगळा आहे' म्हणून सोडून देत किंवा खोलीत ठेवत. मोबाइल कमी असलेला बराच, पण मोबाइलने ऑटिझम होत नाही. ज्वारी खुशाल खा. स्टेम सेलचं मात्र इथे कोणी वाचून पैसे घालवू नयेत म्हणून लिहिते : ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, आणि असा उपचार देणं किंवा त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं जाईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलंय. पुढे या विषयावर वेगळा धागा काढा, इथे नको.

अबोली_वर्धारोड

मी स्वतः स्वमग्न आहे. वय एकतीस, निदान सव्विसाव्या वर्षी झालं. शाळा-कॉलेज नागपूरलाच, आता आयटीत.

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. मला सोशल स्किल्स कोणी शिकवले नाहीत, मी चोरले. वर्गात एक लोकप्रिय मुलगी होती, तिचं हसणं, मान वाकडी करणं, 'अगं नाही ना' म्हणायची पट्टी, सगळं उचललं. घरी आरशासमोर सराव. लोकांना मी छान वाटायचे. संध्याकाळी घरी आले की कूलरसमोर जमिनीवर पडून राहायचे, आईला वाटायचं ऊन लागलं. याला मास्किंग म्हणतात. त्यावर आता पुष्कळ संशोधन आहे, आणि त्याचा संबंध थकवा, चिंता, नैराश्य यांच्याशी सापडतो. म्हणून थेरपीत 'अगदी नॉर्मल वाटतो हो!' अशी शाबासकी ऐकली की मला धडकी भरते.

डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये एक मुद्दा मांडला : समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. स्वमग्न माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही स्वमग्न माणसाचं कळत नाही, फक्त नापास एकालाच करतात. २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी सगळे बिगरस्वमग्न असलेल्या साखळीत. मिसळलेल्या साखळीत ती जास्त गळली. हेही सांगायला हवं की २०२५ मध्ये हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तेव्हा मिसळलेली साखळीही मागे पडली नाही. पण स्वमग्न माणसं आपसात नीट बोलू शकतात, हे दोन्ही वेळा दिसलं. तर्रीपोहा यांच्या मेट्रोच्या डब्यात दिसलं तेच.

मला लहानपणी कोणी शिकवायला हवं होतं ते असं : 'मला कळलं नाही, परत सांग' कसं म्हणायचं. 'मला आता जायचंय' कसं म्हणायचं. कोणी हसतंय ते माझ्याबरोबर की मला, हे कोणाला जाऊन विचारायचं. आणि अख्ख्या वर्गाशी मैत्री करायची नसते, एक पुरते, हे. गुड मॉर्निंग मी आपोआप शिकले.

मास्तर_महाल

निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या वेळी बीएड-डीएडला यातलं काही शिकवलं नव्हतं, वर्गात मुलं मात्र होती.

अबोलीताईंचं पटतं, पण पूर्ण नाही. काही गोष्टी शिकवाव्याच लागतात, मुलाला आवडोत न आवडोत. दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही. रांग मोडायची नाही. राग आला तरी चावायचं नाही. यात 'त्याची पद्धत वेगळी' म्हणून सोडून दिलं तर त्यालाच पोरं वाळीत टाकतात. आणि वाळीत टाकलेलं पोर शाळा सोडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण शिकवायचं कोणाला? माझा अनुभव, एका पोराला शिकवण्यापेक्षा चाळीस पोरांना शिकवणं सोपं. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता, घंटा झाली की टेबलाखाली जायचा. मी त्याला बाहेर ओढलं नाही. घंटा व्हायच्या थोडं आधी त्याच्या शेजारच्याने बाकावर दोन टिचक्या मारायच्या, एवढं काम त्या शेजाऱ्याला दिलं. टिचकी आली की हा कानावर हात ठेवून तयार. टेबलाखाली जाणं थांबलं. पुढे टिचकी मारायच्या कामासाठी वर्गात भांडणं लागायची.

मधली सुट्टी सगळ्यात वाईट वेळ. तासाला नियम असतात, सुट्टीत काहीच ठरलेलं नसतं. म्हणून सुट्टीतही त्याला एक ठरलेलं काम किंवा ठरलेला खेळ द्या. लंगडी, खो-खो, विषामृत चांगले, कारण कोणी कुठे थांबायचं ते ठरलेलं असतं. 'मोकळे खेळा' म्हटलं की ही मुलं हरवतात. आणि एकच मुलगा 'मदतनीस' म्हणून कायमचा बांधू नका, तो कंटाळतो. आलटून पालटून तीन-चार ठेवा.

अबोली_वर्धारोड

@मास्तर, चावू नये हे मलाही मान्य आहे हो! माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्याला त्रास होणारं वागणं आणि नुसतं विचित्र दिसणारं वागणं यांना एका यादीत घालू नका. डब्यात हात घालणं पहिल्यात. हात फडफडवणं, न बघता बोलणं, कूलर हे दुसऱ्यात. माझ्या अनुभवात शाळा आणि थेरपी दोन्हीकडे मेहनत दुसऱ्यावरच जास्त जाते, कारण ते डोळ्यांना खुपतं.

तुमच्या 'चाळीस पोरांना शिकवा'ला आधार मात्र भक्कम आहे. २०१७ चा एक अमेरिकन अभ्यास आहे : स्वमग्न माणसांचे काही सेकंदांचे व्हिडिओ पाहून लोकांनी पहिल्याच नजरेत नापसंती दाखवली, पण त्यांचं तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं तेव्हा ती नापसंती उरली नाही. म्हणजे बोलण्यात खोट नव्हती.

मास्तर_महाल

हे असं असेल तर मग मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या लिहायला लावायला हव्या होत्या! पण ताई, दिसणंही जगात चालतं. तुमच्यासारखी नोकरीतली माणसं ते पेलतात, आठ वर्षांच्या पोराला चिडवलं जातं तेव्हा तत्त्व कामाला येत नाही. मी तरी थोडं शिकवेनच. आपलं इथे जमणार नाही, असू द्या.

बजाजनगरची_आजी

मी नातवाची आजी. सून लिहीत नाही, म्हणून मीच लिहिते.

नातेवाइकांचं काय करायचं ते कोणी बोललं नाही अजून. लग्नात गेलं की पहिलं 'पाया पड', मग गालगुच्चा, मग 'ये मावशीकडे, पापी दे'. आमचा बबड्या अंगाला हात लागला की किंचाळतो. मग 'काही शिकवलंच नाही वाटतं' हे सुनेला ऐकावं लागतं. मला नाही कोणी म्हणत, माझ्या केसांकडे बघून गप्प बसतात.

आम्ही त्याला लांबून नमस्कार शिकवला. हात जोडले, मान झुकवली, झालं. स्पर्श नाही, डोळ्यांत बघणं नाही, बोलणं नाही, आणि म्हातारी माणसं खूश. आपल्या बापजाद्यांनी या मुलांसाठीच काढला असावा नमस्कार. आणि गाल ओढायला हात पुढे आला की मी मध्ये उभी राहते आणि म्हणते, 'त्याला हात लावलेला आवडत नाही, मलाही आवडत नव्हता पण माझं कोणी ऐकलं नाही.' पुढे कोणी काही बोलत नाही.

सकाळी सांगून ठेवते, आज कोण कोण भेटणार. फोटो दाखवते. जेवणाची पंगत बसली की आम्ही दोघं निघतो, सून-मुलगा थांबतात. पूर्ण लग्न बसलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय.

खामला_कट्टा

आजी, तुम्ही माझ्या सासूबाईंची शिकवणी घ्याल का? :)

सगळ्यांचे मनापासून आभार. तान्हा पोळा झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

गोष्ट आमच्याच फ्लॅट स्कीमचे फोटो काढून केली, बेलचं बटण, तोरण बांधायची जागा, शेजारच्या काकूंचं दार. त्याने ती इतकी वाचली की पाठ झाली. आठवडाभर मला संध्याकाळी 'दार उघडायला वेळ लागू शकतो' असं ऐकवत होता, मी खरंच उशिरा उघडलं की. सकाळी इतवारी-महालाकडे काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. घरच्यांना दरवर्षी बघायची असते, यंदा त्याला नेलं नाही. एका दिवसात एकच गर्दी, असं नवऱ्याशी आधीच ठरवलं होतं.

मैदानात रांग ठीक झाली. आणि एक गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती : त्याला झडत्या येतात. शाळेच्या व्हॅनमधल्या दादांनी कधी म्हटल्या असतील, याने शब्द न् शब्द उचललेला. एकजण अडखळला तिथे याने पुढची ओळ सांगितली, मोठ्याने, समोर बघत. मोठी मुलं 'और एक, और एक' करायला लागली. तेवढ्यात ढोल सुरू झाला आणि हा बैल टाकून जमिनीवर. हेडफोन माझ्या पिशवीच्या तळाशी. कार्ड वगैरे काढायची त्याची स्थिती नव्हती. त्याचे बाबा त्याला उचलून पार्किंगच्या मागे घेऊन गेले, आधी दाखवून ठेवलेल्या जागी. बराच वेळ लागला.

मग बोजारा. थोडी घरं छान झाली, बेल एकदा, थांबणं, नमस्कार. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या दारातून मात्र सरळ आत, बाल्कनीत. पावसाळा म्हणून कूलर प्लॅस्टिकने झाकलेला. 'हा झाकला का?' काकांनी चिडायच्या ऐवजी प्लॅस्टिक वर केलं आणि पंप काढून आत ठेवल्याचं दाखवलं. गंज, शेवाळ, पुढच्या उन्हाळ्यात जाळी बदलायची, अशी दोघांची चर्चा. बाकीची पोरं दारात ताटकळत. त्यातल्या एकाने विचारलं, 'इसको सब कूलर का पता है क्या?' मी हो म्हटलं. 'हमारे घर का बंद पड़ा है।' तो आता त्याला त्यांच्या घरी घेऊन जाणार आहे म्हणे. नेईल तेव्हा खरं.

सेंटरमध्ये उद्दिष्टपत्रक बदलायला सांगितलंय. नजरेच्या जागी 'थांब' आणि 'मलाही खेळायचंय' मागितलं. मॅडम जरा नाराज झाल्या, पण लिहून घेतलं. ओटीताई, 'मलाही खेळायचंय' हे मैदानावर कसं शिकवतात?

ओटी_रेशीमबाग

ढोलाचं वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी हेडफोन त्याच्या गळ्यातच अडकवा. कार्डाचं असं की भरून आलेल्या मुलाला ते सुचत नाही, म्हणून कार्ड दाखवण्याचा सराव तो मजेत असताना करायचा आणि दाखवलं की लगेच बाहेर न्यायचं. 'थांब जरा, बक्षीस होऊ दे' म्हटलंत की कार्ड मेलं.

खेळात शिरण्याबद्दल : मुलं खेळात शिरतात तेव्हा सहसा 'मी खेळू का' विचारत नाहीत. विचारलं की 'नाही' ऐकायला मिळतं. जे मूल पटकन मिसळतं, ते आधी बाजूला उभं राहून बघतं, मग खेळाला लागेल असं काही करतं. लांब गेलेला बॉल परत आणून देणं, आऊट झाला की ओरडणं, स्कोअर सांगणं. तुमचा मुलगा बॉल उचलतो ना? अर्धं काम झालंय! आता फक्त 'उचल आणि बॉलरला दे'. दादा-ताई, बाबा आणि तुम्ही घरात खेळून मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा : बॉल आला, उचलला, दिला, 'शॉट!' म्हटलं. तो व्हिडिओ खाली जायच्या आधी दाखवा. व्हिडिओ दाखवून शिकवणं या मुलांत चांगलं चालतं. वाक्य हिंदीत ठेवा, मैदानाची भाषा ती आहे. आणि सुरुवातीला दहा मिनिटं, बरं चाललेलं असतानाच वर घेऊन या.

सक्करदरा_सखी

माझा मुलगा चौदा वर्षांचा. लहान मुलांच्या आयांनो, एक गोष्ट आत्तापासून करा, नंतर फार जड जातं.

आपण या मुलांना 'ऐक' एवढंच शिकवतो. सर म्हणाले बस, बस. काका म्हणाले ये, ये. सगळं ऐकणारं मूल म्हणजे थेरपी यशस्वी. मग अकराव्या-बाराव्या वर्षी अचानक सांगायचं, कोणी इथे हात लावला तर ऐकू नकोस. कसं कळणार त्याला? सोशल स्किल्समध्ये पहिला धडा 'नको' म्हणायचा हवा, आणि घरात त्याचं 'नको' चालायला हवं. गुदगुल्या नको म्हटला की थांबायचं, त्याच क्षणी.

आम्ही वर्तुळं काढली. मधल्यात तो स्वतः, पुढच्यात आईबाबा-आजी, मग मित्र-शिक्षक, मग ओळखीचे, मग अनोळखी. कोणत्या वर्तुळात मिठी, कोणत्यात हात मिळवणं, कोणत्यात नुसता नमस्कार. फोटो चिकटवले. दाराशी कुरियरवाल्याला मिठी मारायचा तो, ते थांबलं. वयात येतानाच्या गोष्टीही अशाच, सरळ शब्दांत आणि चित्रांत : कोणती गोष्ट फक्त स्वतःच्या खोलीत, दार लावून. अवयवांची खरी नावं शिकवा, 'शी-शूची जागा' नको, उद्या काही झालं तर त्याला सांगता आलं पाहिजे.

आणि कागद वेळेत करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यातही आहे, निरामय आरोग्य विम्यासाठी आणि अठरानंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी तो लागतो. शाळेत सवलती मागताना प्रमाणपत्र हातात असलं की बोलणं वेगळं होतं.

तर्रीपोहा

सखीताई, 'नको' वाला मुद्दा सोळा आणे. आमच्याकडे 'नको' म्हटलं की मी आधी 'काहून नको?' विचारत होतो. आता बायकोनं तेही बंद केलं.

पारडीकर

माझी मुलगी पाच वर्षांची, बोलत नाही. हा सगळा धागा बोलणाऱ्या मुलांचा दिसतो. तिला सोशल स्किल्स शिकवता येतील की आधी बोलणं यायची वाट बघायची? डॉक्टर म्हणतात थांबा, बाई म्हणतात चित्रांची कार्ड द्या, घरचे म्हणतात कार्ड दिली तर बोलणारच नाही.

ओटी_रेशीमबाग

@पारडीकर, वाट बघू नका. चित्रकार्डं किंवा बोलणारं ॲप दिल्याने वाचा मागे पडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही, काही मुलांत उलट ती वाढते. चित्रं देऊन मागायला शिकवण्याची 'पेक्स' पद्धत १९८५ पासून आहे. तिची पहिली पायरीच सामाजिक आहे : चित्र उचलायचं, माणसापर्यंत जायचं, त्याच्या हातात द्यायचं. मोबाइल-टॅबसाठी चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' हे ॲपही बघा.

फक्त एक करा, चित्रं लावलेल्या बोर्डावर नुसत्या मागण्या ठेवू नका. बहुतेक बोर्डांवर पाणी, बिस्किट, शू एवढंच असतं. माणूस इतकंच बोलतो का? 'पुन्हा', 'बघ', 'तुझी पाळी', 'मजा', 'नको', 'जा' हे ठेवा. आणि तिच्याशी बोलताना तुम्हीही त्याच चित्रांवर बोट ठेवत बोला, महिनोन्‌महिने, तिने उत्तर दिलं नाही तरी. बोलकी मुलं आपलं ऐकून शिकतात, ही बघून शिकते. आजूबाजूच्या मुलांनाही बोर्ड हाताळू द्या, 'हात नको लावू' म्हणू नका.

पारडीकर

घरचे बोर्ड फक्त जेवणाच्या वेळी काढतात. सतत जवळ ठेवायचा का? आणि 'नको' पहिल्या पानावर ठेवलं तर ती सगळ्यालाच नको म्हणेल.

सक्करदरा_सखी

म्हणू द्या हो. पहिले काही आठवडे म्हणेलच, नवीन सापडलंय ना तिला. औषध, गाडीचा पट्टा अशा ठिकाणी 'नको कळलं, पण हे करावं लागेल' म्हणा, बाकी ठिकाणी ऐका. आणि बोर्ड गळ्यात किंवा बॅगेत, कायम. माझ्याकडे मुलाच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा पडून आहे, लॅमिनेट केलेला, सांबारवडी आणि कुल्फीसकट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी ट्रॅफिक पार्कच्या गेटवर देते. सकाळी लवकर या, नंतर गर्दी होते.